हमामातला झरा

"इथं चपला काढायच्या का?" पडक्या हमामाच्या कमानीत साहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता काढल्यासुद्धा.

गुणाबाईला माणूस तिथंच आवडला. गाव या जुन्या न्हाणीघरात शेळ्या बांधायचं. हा साहेब असून अनवाणी आत शिरला.

त्यांना आणलं होतं तिच्या धाकट्या भावानं, दगडोबानं. लातूर जिल्हा नवा झाला होता, जुन्या वास्तूंचं खातंही आलं म्हणे. "खात्याची पाटी लागली की इथं कुणाला खड्डाबी खांदता येत न्हाई, अक्का," तो म्हणाला होता.

गुणाबाईला तेवढंच हवं होतं. दुष्काळानं गावच्या विहिरी आटल्या होत्या, शेजारच्या रानात व्यंकटरावांचे सगळे बोअर कोरडे गेले होते. पण हमामाच्या पोटात एक झरा जिवंत होता. तो फक्त बौद्धवाड्यातल्या बायांना ठाऊक. गाव विहिरीवर चढू देत नव्हतं तेव्हा त्यांना तो सापडला आणि तेव्हापासून त्यांनी तो जिवापाड जपला.

येताना दगडोबानं व्यंकटरावांची जीप मागून आणली होती. हातात चुन्याची पिशवी होती, खात्याची हद्द आखायला.

"रोमात बी अशीच न्हाणीघरं हुती म्हणं," तो ऐटीत बोलला. उदगीरपलीकडं न गेलेला गडी! गुणाबाईला हसू आलं.

साहेबांनी ना घुमट पाहिला, ना नक्षी. वारूळ पाहिलं, उंबर पाहिला. "पाणी कुठून येतं, बाई?"

ती अडखळली. "सांग की, अक्का. आपलेच हायत," दगडोबा म्हणाला.

तिनं फरशी सरकवली, खालच्या खापरी नळातून तांब्या भरून दिला. साहेब घटाघटा प्याले. तिच्या हातचं पाणी! गुणाबाईला भरून आलं.

मग त्यांनी झोळीतून नारळ काढला.

"आमच्यात नारळ फोडत न्हाईत, साहेब," ती संकोचून म्हणाली. "धम्म घेतला तवाच सोडलं ते."

"फोडायचा न्हाई, बाई."

त्यांनी नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि नळापासून हळूहळू चालू लागले. भिंतीच्या भगदाडातून व्यंकटरावांच्या रानात उतरले. तिथं नारळ तळहातावर टक्क उभा राहिला.

हा खात्याचा साहेब नव्हे, जमिनीतलं पाणी हुडकणारा पाणाड्या होता, हे गुणाबाईला आत्ता उमगलं. दगडोबानं त्या जागी चुन्याची फुली मारली आणि बहिणीकडं न बघता बांधापलीकडं हाक दिली, "मालक, येऊ द्या मशीन!"