अकाइतीचे टाके

किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे ओटीवर बसलेल्या बायका भानावर आल्या. त्यांच्याबरोबर गोधड्या शिवणारी अकाइती काल अचानक गेली. रारोटोंगा बेटाच्या रीतीप्रमाणे तिला गोधडीत गुंडाळूनच मातीत ठेवायचं होतं. पुढ्यातली गोधडी तिनं आणि तेरेआपीनं जोडीनं शिवली होती. तेरेआपीनं शिकवलेले अकाइतीचे पहिले टाके हिच्यातच होते. “ही नको,” तेरेआपीनं ती छातीशी कवटाळली. “माझी दुसरी न्या, नवीकोरी. तिच्या हातचं एवढंच उरलंय माझ्यापाशी.” “हातचं म्हणे! खेकड्यासारखे तिरपे टाके!” बायकांतल्या थोरल्या पोको मावशी रडता रडता हसल्या. “पण तुम्ही दोघी आहात हिच्यात. तिला एकटीलाच धाडतेस होय?” तेरेआपीची मिठी सैल झाली. तिनं गोधडीचा उसवलेला काठ शिवून शेवटची गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. अकाइतीची चिमुरडी लेक तेरेआपीजवळ आली. “मावशी, आईची सुई मीच ओवायचे. तिथं कोण ओवून देणार?”