जुन्या नोंदीतले सासरे

“उघडलं,” जावई म्हणाला.

दार बंदच होतं.

चांगलं वीतभर जाडीचं, पोलादी, सोडलं की आपोआप मिटणारं दार. त्याच्या अलीकडे टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरसमोर जावई आणि त्याच्या खांद्याशी त्याची बायको. पलीकडे उणे अठरा अंशांत मटाराचे खोके आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले सासरे, म्हणजे गोदामाचे मालक. आतून उघडायची कडी सासऱ्यांनीच काढायला लावली होती. उन्हाळ्यात कामगार आत गप्पा ठोकत बसतात, म्हणून. बाहेरून उघडायची किल्ली एकच. ती भलत्याच्या हाती लागू नये म्हणून सासरे स्वतःच्या खिशात ठेवत. आताही ती तिथेच होती.

दार कापणारा निघाला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाहून.

“ए इंजिनियर, उघडलं म्हणतोस ते कुठलं?” टेबलावरच्या फोनमधून आवाज आला. आत भिंतीला फोन होता, तेवढी एक सोय कुणी काढलेली नव्हती. “मी खांदा लावून ढकलतोय. ढिम्म हलत नाही.”

“बाबा, हात चोळत राहा,” बायको म्हणाली. “फेऱ्या मारा. बसू नका.”

“चोळतोय. पण बोटं माझीच आहेत की कुणाची, ते कळेनासं झालंय.”

जावयाने पुन्हा कमांड दिली. स्क्रीनवर पुन्हा उमटलं : दार, कुलूप, उघडं. दार पुन्हा बंद.

कुलपांचा हा प्रोग्रॅम जावयाने स्वतः लिहिला होता, फंक्शनल पद्धतीने. ती पद्धत त्याने जेवताना सगळ्यांना इतक्यांदा समजावली होती की सासरे हल्ली भात न घेताच उठत. या पद्धतीत एकदा केलेल्या नोंदीला हात लावायचा नाही. एखादा रकाना बदलायचा झाला, तर बाकीचे रकाने जसेच्या तसे घेऊन नवी नोंद करायची. जुनी जिथल्या तिथे शाबूत. हवी तेव्हा एक बटण दाबून परत आणायची.

“म्हणजे चूक सुधारायची नाही, शेजारी दुसरी करून ठेवायची,” सासरे म्हणाले होते आणि हात धुवायला गेले होते.

आता फोनमधून फक्त दात वाजल्याचा आवाज येत होता. मग शब्द आले.

“जावईबापू.”

‘ए इंजिनियर’चं ‘जावईबापू’ व्हायला उणे अठरा अंश लागले.

“उघडा हो. तुमचं नाव लावतो पाटीवर. माझ्या नावाशेजारी. भागीदार म्हणून. शब्द देतो.”

“बाबा, बोलण्यात दम घालवू नका!”

त्यांनी लेकीचं ऐकलं असावं. पुढे काही ऐकू येईना. दातसुद्धा.

बायकोने नवऱ्याचा खांदा धरला. धरला कसला, नखं रोवली. “हे तुझं उघडं दार कुठल्या खोलीचं आहे?”

“कुठल्या म्हणजे?”

“म्हणजे बसवलंयस कुठल्या खोलीला?”

जावयाने नोंदी वरपासून पाहिल्या. कुठल्याच नाही. प्रत्येक कमांडसरशी एक नवंकोरं उघडं दार तयार होत होतं आणि ते कशालाच बसवलं जात नव्हतं. खोलीच्या नोंदीत दार जुनंच, गोदामाच्या नोंदीत खोली जुनीच. सासऱ्यांसाठी त्याने इतका वेळ दारं उघडली होती खरी, पण सगळी हवेत.

तो लिहू लागला. नव्या दारासकट नवी खोली. नव्या खोलीसकट नवं गोदाम. आणि प्रोग्रॅमला बजावलं, यापुढे हेच गोदाम खरं. एक अक्षर चुकलं. खोडलं. पुन्हा चुकलं.

“बाबा?” बायको फोनमध्ये ओरडली. “बाबा!”

खट्.

पांढऱ्या वाफेतून सासरे बाहेर आले. भुवयांवर बर्फ होता. लेकीने त्यांना स्वेटर, कोट, खोके झाकायचं घोंगडं, हाताला लागेल ते गुंडाळलं आणि गरम पाण्याचा कप ओठांशी धरला. हळूहळू रंग परत आला. मग आवाज. मग स्वभाव.

“एवढा वेळ लागतो होय रे दार उघडायला, ए इंजिनियर?”

बायकोने कप खाली ठेवला. “बाबा, पाटीचं काय म्हणत होतात?”

“कोण म्हणत होतं?”

“तुम्हीच. शब्द दिलात.”

“तो मी नव्हे,” सासरे शांतपणे म्हणाले. “ते जुन्या नोंदीतले सासरे. आत होते. मी बाहेरचा, नवा. एक रकाना बदललाय, बाकी जसंच्या तसं. विचार ह्याला, ह्याचीच पद्धत आहे.”

जावयाने नाइलाजाने मान डोलावली. पद्धत बरोबर होती.

सासऱ्यांनी डोळ्यांशी हात नेला. चष्मा नव्हता. तो आत, खोक्यांवर राहिला होता. घोंगडं सावरत ते उठले, दार ओढलं, एक पाय आत टाकला आणि का कोण जाणे, मागे वळून बघितलं.

जावई खुर्चीत नीट सरसावून बसला होता. एक बोट बटणावर नुसतं टेकलेलं. चेहरा नेहमीसारखाच गरीब.

“ती जुनी नोंद,” सासऱ्यांनी विचारलं, “अजून आहे का रे?”

“आहे की. शाबूत आहे.”

वाफ सासऱ्यांच्या घोट्याभोवती घोटाळत होती. आत टाकलेला पाय त्यांनी हळूच मागे घेतला.

“पाटीवर,” ते म्हणाले, “अक्षरं केवढी हवीत तुम्हाला?”