चिंधी बांधलेली घंटी

मुलगा विमानतळाच्या टॉवरमधून विमानं उतरवायचा. रात्रपाळी करून आला की दिवसभर घरात चिडीचूप, हा आईचा हुकूम. मागच्या पाळीत स्क्रीनसमोरच त्याला डुलकी लागली होती. "पुन्हा पेंगला तर विमानभर माणसं मरतील," ती सगळ्यांना दटावे. वाचा गेलेल्या नवऱ्याच्या उशाशी घंटी होती. आज तो उठसूट वाजवायला लागला, तशी ती करवादली, "काय लहान पोर आहात का? लेकाला झोपू द्या!" घंटीच्या लोलकाला चिंधी करकचून बांधून ती स्वयंपाकघरात गेली. चहा घेऊन परतली, तर नवऱ्याचा श्वास थांबला होता. मुठीत घंटी घट्ट धरलेली. तिनं हंबरडा पदरात दाबला आणि चिंधी सोडवायला घेतली. गाठ सुटेना. तेवढ्यात मुलगा टवटवीत चेहऱ्यानं दारात आला. "काय गाढ झोप लागली गं आई! आज बाबांनी घंटी वाजवलीच नाही?"