खारं पाणी

मिठाची बादली. पाणी गाळायच्या कार्बनची पिशवी. आईचं मिरजेचं परतीचं तिकीट.

या तिन्ही गोष्टी मंदारने एकाच दिवशी मागवल्या. आईने शाडूचा गणपती त्याच्या प्रवाळांच्या टाकीत विसर्जित केला होता. "समुद्राचंच पाणी म्हणालास ना रे?" एवढंच ती बोलली.

ती गेल्यावर तो रोज ऑफिसातून येऊन गढूळ पाणी बदलत राहिला. अखेर एक प्रवाळ पुन्हा उमललं, तेव्हा त्याने आईला व्हिडिओ कॉल केला. "बघ, वाचलं!"

"वाचणारच. किती वेळ देतोस त्याला," आई म्हणाली.

विसर्जनाच्या त्या सकाळी तिने जवळच्या कोवलमच्या समुद्रावर नेतोस का, असं विचारलं होतं, तेव्हा मंदार टाकीची काच पुसत होता.