सायकलची घंटी

एकाहत्तरची लढाई पेटली आणि रांझीच्या राधाबाईंची झोप उडाली. नवरा तुळशीराम तोफगोळ्यांच्या कारखान्यात, एकुलता एक पोरगा सीमेवर. पाळी सुटली की दारासमोरून कामगारांच्या सायकलींची रांग लागायची आणि प्रत्येक घंटीला बाईंच्या छातीत धस्स व्हायचं. तारवालाही सायकलवरच येतो ना!

मेडिकल कॉलेजात डॉक्टर देवपुजारी भीतीच्या आजारावर एक नवी गोळी पारखून पाहत होते. त्यांनी बाईंना पंधरवड्याच्या गोळ्या दिल्या होत्या. आज बाई पुन्हा त्यांच्यासमोर बसल्या होत्या. तेवढ्यात खिडकीखालच्या सायकल स्टँडवर घंट्यांचा नुसता कल्लोळ उठला. डॉक्टर श्वास रोखून बघत राहिले. बाईंची पापणीही लवली नाही.

डॉक्टरांना आनंद लपवता येईना. इतका गुण आजवर कुणालाच आला नव्हता.

"झोप लागते, बाई?"

"लागते जी. पडल्या पडल्या लागते."

"वा! म्हणजे गोळी लागू पडली!" त्यांनी हसून दाराशी उभ्या तुळशीरामकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

राधाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि होत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"ह्या घ्याचं कामच नाही पडलं, डॉक्टरसाहेब. इथून घरी गेलो आन् त्याच दिवशी तारवाला येऊन गेला. आता कोणाच्या घंटीले भेऊ जी?"