तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर

गाढवाला गुळाची चव काय आणि आमच्या तिसऱ्या मजल्याला प्रिंटरची कदर काय! सकाळपासून चौथ्यांदा वर्नाबाईंचा फोन.

"ग्रेडी, पुन्हा बंद पडला रे. धक्क्यावर जहाज खोळंबलंय, कागदांशिवाय सुटायचं नाही."

"वायरला पाय लागला असेल तुमचा. आता तिथून हलू नका."

आमच्या संगणकांच्या युनिक्स प्रणालीत प्रिंटर बंद करताना कारण लिहायची पद्धत आहे, आणि डलुथ बंदरातल्या या कचेरीत तो अधिकार फक्त माझा. मी नोंदी उघडल्या. चारही वेळा माझ्याच नावाने एकच कारण लिहिलेलं होतं: "कागद घ्यायला समोर कुणी नाही."

मी ते लिहिलं नव्हतं. कुणातरी दीडशहाण्याने पासवर्ड चोरला असणार. मी तो बदलला आणि प्रिंटर चालू केला.

"वर्नाबाई, समोर उभ्या आहात ना?"

"अरे, ट्रेवर हात ठेवून उभी आहे."

फोनमधून प्रिंटरची घरघर ऐकू आली आणि थांबली. पडद्यावर पाचवी नोंद उमटली: "कागद घ्यायला समोर कुणी नाही."

"वर्नाबाई?"

"बोल ना," त्या म्हणाल्या, "मी इथेच उभी आहे."