आडून

प्रवीणअण्णाच्या जर्मनीतल्या घरचा फोन कालपासून कुणी उचलत नव्हतं. वहिनीचं बाळंतपण अडलंय, एवढंच त्याने शेवटी सांगितलं होतं. म्हणून पवित्रा आईला घेऊन राजाजीनगरच्या सायबर कॅफेत आली आणि वहिनीला ठेवलेल्या जर्मनीतल्या दवाखान्याला जर्मनमध्ये ईमेल लिहायला बसली.

"काय लिहिलंस?" तुंगाबाईंनी विचारलं.

"'माझी वहिनी आणि बाळ सुखरूप आहेत का, हे आपण कृपया सांगू शकाल का?'"

"अगं, इतकं आडून कशाला? सरळ विचार की!"

"आई, तिकडे असंच विचारतात. स्वल्प थांब."

तासाभराने उत्तर आलं. पवित्रा वाचू लागली, "'क्षमस्व. रुग्णाची माहिती आम्ही इतरांना देऊ शकत नाही.'"

तुंगाबाई मटकन खुर्चीत बसल्या.

खाली अजून दोन ओळी होत्या. पवित्राने त्या आधी मनातच वाचल्या आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. मग तिने आईला वाचून दाखवलं,

"'मुलीचं नाव तुमच्यात आत्या ठेवते, असं समजलं. आपण कोणतं नाव ठरवलं आहे, हे कृपया सांगू शकाल का? इथे तिची आई विचारते आहे.'"